जावयाचं नाव

“आत्या, कन्यादान तू आणि काकांनी करायचं,” शर्वरी म्हणाली.

मी रुखवताचे लाडू वळत होते. हातातला लाडू हातातच फुटला.

“अगं, बाप जिवंत आहे तुझा,” मी म्हणाले. “चांगला ठणठणीत आहे. काल माझ्यासमोर तीन वाट्या बासुंदी प्यायला.”

“पिऊ दे. जो माणूस माझ्या नवऱ्याचं नाव घेत नाही, त्यानं माझा हात त्याच्या हातात द्यायचा नाही. मी आईला सांगितलंय. आईनं रडून घेतलंय. आता तुला काय रडायचं ते रडून घे आणि हो म्हण.”

ही माझी भाची. बापाचा हट्ट आणि आईचे डोळे घेऊन जन्माला आलेली. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा लाडू वळणं सोपं, म्हणून मी पुन्हा परातीत हात घातला. आठवड्यावर लग्न आलेलं. सगळ्या सांगलीला पत्रिका गेलेल्या. आणि मांडवात हिंदुराव साळुंख्यांची मुलगी, आईबाप समोर बसलेले असताना, आत्याच्या हातून दिली जाणार. लोकांना वर्षभर पुरेल एवढा विषय झाला असता. लोकांचं जाऊ दे, माझा दादा त्यातून उठला नसता.

दादाचं नाव आमच्या भागात कुस्ती बघणाऱ्या कुणालाही विचारा. जत्रेचं मैदान असलं की हलगी कडकडायची आणि माइकवर दादाचा आवाज लागायचा. पैलवान मातीत पाय ठेवायच्या आधी तो कुठल्या गावचा, कुठल्या वस्तादांचा पठ्ठा, कुणाचा नातू, त्याच्या आजानं कुठलं मैदान मारलं होतं, हे सगळं दादा सांगायचा आणि मग शेवटी नाव घ्यायचा. हिंदुरावांनी नाव घेतलं की पैलवान दोन बोटं उंच होतो, असं लोक म्हणायचे. अशा माणसाची वाचा एकाच नावापाशी बसली होती.

शर्वरी शिकायला पोलंडला गेली, पोझनान नावाच्या शहरात. तिथं तिला एक मुलगा आवडला. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा दादा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःहून फोन लावून म्हणाला, “कर. पण लग्न हितं व्हायचं, आपल्या पद्धतीनं.” आम्ही सुटलो. अलकावहिनीनं गणपतीला पेढे ठेवले. मग दादानं विचारलं, पोराचं नाव काय. शर्वरीनं सांगितलं. दादा गप्प झाला, तो झालाच. त्या दिवसापासून तो मुलगा आमच्या घरात ‘ते पाव्हणं’ झाला. पत्रिकेवर नाव छापायला टाकायचं होतं तेव्हाही दादानं कागदावर बोट ठेवलं आणि छापखानेवाल्याला म्हणाला, “हे.” वहिनीनं एकदा धीर करून सांगितलं, “अहो, पोरीसाठी एकदा नाव तरी घ्या.” दादा उठून तालमीत निघून गेला.

आता यावर घरातल्यांनी काय समजायचं? बापाचा राग गेलेला नाही, तोंडदेखला होकार दिलाय, असंच सगळ्यांनी समजलं. मीही समजले.

नाव होतं झ्बिग्न्येफ.

तोंडात धरायला जड आहे, खोटं कशाला बोलू. तो आला, सोबत त्याचे आजोबा आले. बाकीचं कुटुंब येणार नव्हतं, कारण उन्हाळ्यात तिकडं चर्चमध्ये ह्याच दोघांचं पुन्हा लग्न लागणार होतं. आजोबांचं नावही तेच. एकाच नावाची दोन माणसं, दोघंही ताडासारखी उंच, दोघांच्याही डोळ्यांचा रंग पातळ ताकासारखा. गल्लीतल्या बायका बघायला आल्या आणि नावावर आपापली जीभ चालवून गेल्या. कुणी झेबू म्हणालं, कुणी बिगनेश. समोरच्या कुलकर्णी आजींनी सरळ ‘झेंडूभाऊ’ करून टाकलं. मुलगा बिचारा सगळ्याला ‘हो’ म्हणायचा आणि हात जोडायचा. लाडाचं नाव काय म्हणून मी विचारलं, तर म्हणाला, झ्बिशेक. ते तरी कुठं सोपं होतं.

त्या संध्याकाळी आमचे बापूकाका, म्हणजे दादाचे चुलते, चहा पिता पिता म्हणाले, “हिंदुराव, ह्याला आपण एक मराठी नाव ठेवू. जयदेव ठेवा. मांडवात भटजीला पण बरं पडंल. बायकांची नावं बदलतोच की आपण, जावयाचं बदललं म्हणून काय बिघडलं?”

सगळ्यांनी माना हलवल्या. मला पण पटलं. मी मनात म्हटलं, चला, जयदेव तर दादाच्या तोंडातून निघेल.

दादानं कप खाली ठेवला. “नाव बदलायचं न्हाई,” तो म्हणाला. “कुणी बदललं, तर मी मांडवात येणार न्हाई.”

“अरे, मग तू घेत तर नाहीस,” बापूकाका म्हणाले.

शर्वरी उठून आत गेली आणि मधलं दार लागल्याचा आवाज आला. स्वतः नाव घ्यायचं नाही आणि घेण्यासारखं दुसरं ठेवूही द्यायचं नाही, हा कुठला न्याय? मला त्या क्षणी दादाचा खरोखर संताप आला होता. लहानपण असतं तर मी त्याचा शर्ट ओढून फाडला असता.

माझ्याकडं लग्नातलं एक खातं कायमचं असतं, ते म्हणजे उखाण्यांचं. गल्लीत कुणाचंही लग्न ठरलं की मुलगी माझ्याकडं येते आणि मी तिला तीन-चार उखाणे बांधून देते. स्वतः मात्र आजवर मी आमच्या ह्यांना ‘अहो’पलीकडं कधी हाक मारलेली नाही, ती गोष्ट वेगळी. तर शर्वरीसाठी उखाणा करायचा म्हणून मी दोघांना समोर बसवलं. मला नावाचा अर्थ माहीत असल्याशिवाय उखाणा सुचत नाही.

झ्बिग्न्येफला मराठी थोडं येत होतं, शर्वरीनं शिकवलेलं. अडलं की ती सांगायची.

“आत्या, जुनं नाव आहे,” तो म्हणाला. “खूप जुनं. आमचे लोक ख्रिस्ती नव्हते तेव्हाचं.” मग दोघांनी मिळून मला नाव मोडून दाखवलं. पहिला अर्धा भाग म्हणजे घालवणं, काढून टाकणं. ‘ग्न्येफ’ म्हणजे राग. राग घालवणारा.

“अगं बाई,” मी शर्वरीकडं बघितलं. “हा आपल्या घरात अगदी वेळेवर आलाय.”

ती हसली नाही.

मी विचारलं, हे नाव तिकडं पुष्कळांचं असतं का. तो म्हणाला, आजोबा तरुण होते तेव्हा गल्लीत हाक मारली तर चार खिडक्या उघडायच्या. वडिलांच्या पिढीत या नावाचा एक मोठा फुटबॉलपटू होता, त्यामुळं पोरांना ते आवडायचं. आता कुणी ठेवत नाही. त्याच्या वर्गात तो एकटाच. मुलं त्याला म्हातारा म्हणून चिडवायची.

“म्हणजे आमच्यात आता कुणी पोराचं नाव हिंदुराव ठेवलं तसं,” मी म्हणाले.

“हो,” शर्वरी म्हणाली. “दोन म्हातारी नावं. एक दुसऱ्याला घेत नाही.”

त्यांच्या जुन्या राजघराण्यात या नावाचा एक राजपुत्र होता, नऊशे वर्षांपूर्वी. थोरला मुलगा. धाकट्या सावत्र भावाशी राज्यावरून भांडण झालं आणि भावानं त्याला देशाबाहेर हाकलला.

“मग नावानं राग जातोच असं नाही,” मी म्हणाले.

झ्बिग्न्येफनं शर्वरीकडून ते नीट समजून घेतलं आणि मग मान हलवली. “राजाच्या घरात नाही गेला. आमच्या घरात अर्धा गेला.”

मग त्यानं आजोबांची गोष्ट सांगितली. मी ती ऐकताना लाडू वळायचे विसरले. ती पुढं येईलच. तिकडं वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. प्रत्येक नावाला वर्षातला एक दिवस असतो, आणि त्या दिवशी त्या नावाच्या माणसाकडं आमंत्रणाशिवाय जायचं, फुलं द्यायची, तो केक खायला घालतो. झ्बिग्न्येफांचा दिवस मार्चात. आजोबा आणि नातू तो एकाच टेबलावर साजरा करतात.

उखाणा मला लगेच सुचला. त्या नावाला यमक जुळणं शक्य नव्हतं, म्हणून मी नाव मधे घातलं आणि गावाला यमक जुळवलं. त्यांच्या गावाची नदी विचारून घेतली होती.

“कृष्णेच्या काठी सांगली, वार्ताच्या काठी पोझनान, झ्बिग्न्येफचं नाव घेते, राखून सगळ्यांचा मान.”

शर्वरीनं दोनदा म्हणून बघितला. मग म्हणाली, “छान आहे. सगळ्यांचा मान राखायचा, फक्त माझा सोडून.” आणि पुन्हा, अगदी शांतपणे, “कन्यादान तू करणार आहेस, आत्या. हो म्हण.”

मी हो म्हणाले. काय करणार, ती नाहीतर रजिस्टर लग्न करून विमानात बसली असती.

हळदीच्या दिवशी सकाळी वहिनीनं मला दादाला बोलवायला तालमीत पाठवलं. तालीम आमच्या घरामागंच आहे. सकाळचा जोर संपला होता, पोरं आंघोळीला गेली होती. मी दारात पोचले आणि आतून आवाज आला.

“ग्न्येफ.”

“ग्नेव.”

“ग्न्येफ.”

“ग्न्येव… थांबा. ग्न्येफ.”

“डोब्जे,” म्हातारा आवाज म्हणाला. शर्वरीकडून ऐकून मला तेवढा शब्द माहीत होता. चांगलं, म्हणजे.

मी वाकून बघितलं. लाल मातीच्या हौद्याच्या काठावर दादा आणि थोरले झ्बिग्न्येफ शेजारी शेजारी बसले होते. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. थोरल्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं होतं आणि दादा त्यांच्या तोंडाकडं शाळेतल्या पोरासारखा डोळे फाडून बघत होता. कपाळावर घाम. दादा रोज थोरल्या पाव्हण्यांना घेऊन तालमीत बसतो, दोघं मुके एकमेकांशी काय बोलत असतील, म्हणून आम्ही घरात हसायचो.

दादानं मला बघितलं आणि चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

“तू कवा आलीस?”

“दादा, तू नाव शिकतोयस?”

“गप. हळू बोल.”

“अरे, तिकडं पोरगी कन्यादान माझ्याकडून करून घेतेय. वहिनी रडून रडून आजारी पडायची. सगळ्यांना वाटतंय तुला राग आलाय.”

“आला हुता की,” दादा म्हणाला. “दोन दिस आला हुता. पोरगी लांब जाणार म्हणून आला हुता. नावावर कशाला काढू तो?”

“मग घेत का नाहीस नाव? चुकीचं घे, पण घे.”

दादा परत काठावर बसला. थोरले आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत होते.

“लई वर्षं झाली, मालन. येरळेकाठच्या एका जत्रंत कुस्ती लावली हुती. दोन्ही पोरं नवी. कुणीतरी घाईत नावं कानात सांगितली. एका पोरानं दुसऱ्याला असा घिस्सा डाव मारला, की बघत राहावं. आणि मी माइकवर जितलेल्याच्या जागी पडलेल्याचं नाव घेतलं. लगीच सुधारलं. पर तवर जितलेल्याचा बाप उठून चालाय लागला हुता. आंधळा हुता तो. त्याला पोरगं जितल्यालं दिसलंच न्हाई. त्याला माझ्या तोंडातनंच बघायचं हुतं.”

“मग रे?”

“मग काय. पोरगं पळत गेलं, बापाला धरून आणलं, फेटा बांधला, सगळं झालं. पर म्हाताऱ्याचं तोंड मी बघितलंय. त्या दिवसापास्नं ठरवलं, जे नाव नीट येत न्हाई ते घ्यायचं न्हाई. तुम्ही सगळे त्याला झेंडू म्हणता, बिगनेश म्हणता, आणि ते पोरगं हात जोडतंय. मला बघवत न्हाई. मी चुकीचं घेतलं, तर हसं माझं न्हाई व्हायचं. त्याचं हुईल. आणि शरूचं.”

“मग निदान बापूकाकांचं ऐकायचं होतंस. जयदेव तर सरळ होतं.”

“त्याच्या घरात थोरल्यांनी ठेवलेलं नाव मी कोण बदलणार? उद्या तिकडं नेऊन शरूचं बदललं तर मला चालंल?”

“आपल्याकडं बदलतातच की,” मी म्हणाले. “माझं नाही बदललं? पस्तीस वर्षं मी सुनंदा आहे.”

“तवा मला कुणी इचारलं न्हाई,” दादा म्हणाला. “पर मी तुला अजून मालनच म्हणतो का न्हाई?”

पस्तीस वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सासरी, माहेरी, आईसुद्धा जाताना मला सुनंदा म्हणून गेली होती, तसा रिवाजच होता. मालन म्हणणारा हा एकटा. मी पदरानं डोळे पुसले आणि थोरल्या झ्बिग्न्येफांना वाटलं काहीतरी वाईट घडलंय. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

“मी शरूला आत्ता जाऊन सांगते,” मी म्हणाले.

“न्हाई सांगायचं. माझ्या गळ्याची शपथ. आजून येत न्हाई मला. धा वेळा म्हटलं तर सात वेळा चुकतंय. तुम्हाला सांगून ठेवलं आणि मांडवात जीभ अडकली, तर काय तोंड दाखवू पोरीला? आलं तर घेईन. न्हाई आलं, तर तू कर कन्यादान. तिचं बरोबर हाय.” मग तो म्हणाला, “पर नुसत्या नावानं भागत न्हाई. पैलवान कुणाचा, नाव कुठनं आलं, ते मला ठावं न्हाई. ह्यांना इचारलं तर हे हसत्यात.”

“ते मला माहीत आहे,” मी म्हणाले, आणि हौद्याच्या काठावर बसून झ्बिग्न्येफनं मला सांगितलेली आजोबांची गोष्ट त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. घरी हळद वाट बघत होती, ती बघू दिली.

लग्नाच्या दिवशी मी नऊवारी नेसले, आमच्या ह्यांनी उपरणं घेतलं. कन्यादान आम्ही करणार हे एव्हाना कार्यालयात सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळे कळलं नसल्यासारखे वागत होते. वहिनी कोपऱ्यात खुर्चीवर, नाक लाल. दादा कुठं दिसत नव्हता. मी शर्वरीजवळ आतल्या खोलीत होते. ती गौरीहरापुढं बसली होती, मूठभर तांदूळ हातात घेऊन एकेक दाणा वाहत होती. मला शपथ घातलेली. तोंडात जणू गरम बटाटा धरून मी बसले होते.

“बाबा आलेत का?” तिनं खाली बघतच विचारलं.

“असतील कुठंतरी.”

“येणार नाहीत ते,” ती म्हणाली, आणि एक दाणा चुकून पाटाबाहेर पडला.

बाहेर सनई थांबली. नवरदेव दाराशी आल्याचा गलका झाला. मग माइकची खरखर, कुणीतरी तो हातात घेतल्यावर होते तशी.

“बसून घ्या मंडळी, बसून घ्या. मागं ज्यांना दिसत न्हाई त्यांनी हिकडं कान द्या.”

शर्वरीचा हात जागच्या जागी थांबला. दादाचा मैदानातला आवाज होता तो.

“आज मैदानात उतरतोय, सात समुद्र वलांडून आलेला, वार्ता नदीच्या काठचा, पोझनान गावचा पठ्ठा. ह्याच्या पणजोबाचं आणि पणजोबाच्या सख्ख्या भावाचं वैर हुतं, मंडळी. कशावरनं? नासपतीच्या एका झाडावरनं. झाड बांधावर. फळं ह्याची का त्याची? दोघं भाऊ, एक भिंत, आणि बारा वर्षं बोलणं बंद.”

“आपल्या कांबळेवाडीत पण तेच की,” बाहेर कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

“त्या घरात पोरगा जन्मला. आईनं त्याला नाव दिलं, ज्याचा अर्थ राग घालवणारा. आणि ती बाई पोराला घिऊन भिंतीपलीकडं गेली आणि पोर दिराच्या मांडीवर ठिवलं. दिरानं काय करावं, मंडळी? मांडीवरचं पोर खाली टाकता येतंय व्हय?”

“न्हाई,” मैदानात येतो तसा सगळ्या कार्यालयातून आवाज आला.

“तर राग अर्धा गेला. उरलेला अर्धा दोघांनी ठिवला, कारण झाड तिथंच हुतं. पर दर साली पोराच्या नावाच्या दिवशी दोघं भाऊ एका टेबलावर बसून जेवायचे. ते पोर आता ऐंशी पार करून आपल्या पुढच्या रांगेत बसलंय. त्याच्या नातवाला त्याचंच नाव ठिवलंय. मुलं चिडवायची, तरी बदललं न्हाई. तो नातू, थोरल्यांचा पठ्ठा, अलका आणि हिंदुराव साळुंख्यांचा जावई…”

इथं दादा थांबला. मला माहीत होतं तो का थांबला. मी गौरीहराच्या अन्नपूर्णेकडं बघत राहिले. दहातून सात वेळा, असं म्हणाला होता.

“झ्बिग्न्येफ,” दादा म्हणाला.

अगदी स्वच्छ. शेवटचा फ ओठांवर बरोबर आला. मी त्या नावाचं इतकं सुंदर रूप त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

शर्वरी उठली. गौरीहरापुढून नवरीनं उठायचं नसतं, पण तिला अडवणारी मी कोण, मीच तिच्या पुढं दारात होते. बाहेर बघतो तर गंमत झालेली. नवरदेव दाराशी तसाच उभा, आत यायचं की नाही कळेना, डोळ्यांतून पाणी. आणि पुढच्या रांगेत थोरले झ्बिग्न्येफ उठून उभे राहिले होते. बाकी एक अक्षर त्यांना कळलं नव्हतं, पण आपलं नाव पुकारलंय हे कळलं होतं. त्यांनी तालमीतल्या पोरांचं बघून ठेवलं होतं, तसा दंड थोपटला आणि हात वर केला. कार्यालय डोक्यावर घेतलं लोकांनी. हलगीवाला जेवायला बसला होता, तो तसाच उष्ट्या हातानं उठला.

दादानं माइक खाली ठेवला. मंडपात तो एकदम लहान दिसायला लागला. गर्दीतून त्यानं आमच्या दाराकडं बघितलं, शर्वरी दिसली, आणि त्याला मान वर ठेवता येईना.

अंतरपाट झाला, अक्षता पडल्या, हार घातले. गुरुजींनी विचारलं, “कन्यादानाला कोण बसतंय?” आमच्या ह्यांनी उपरणं सावरलं.

“आत्या,” शर्वरी म्हणाली, “तुम्ही दोघं जेवून घ्या. तुम्हाला उशीर होईल.” आणि मग वळून, “बाबा, बसा ना. आई, ये.”

एवढंच. दादा पाटावर बसला. वहिनीनं हातात पाण्याची झारी घेतली. नाकाचा लालपणा तसाच होता, पण आता ती हसत रडत होती. मी जेवायला गेले नाही, हे सांगायला नको.

गुरुजींनी संकल्प सुरू केला. गोत्र काय म्हणून अडलं, तर कश्यप घातलं. मग वराचं नाव आलं. गुरुजी चांगले व्युत्पन्न, पण तिथं त्यांची गाडी घसरली. “झिबिंगनेव नाम्ने वराय,” असं काहीसं म्हणून ते पटकन पुढं सरकले.

“थांबा, गुरुजी,” दादा म्हणाला.

“यजमान, मुहूर्त टळेल.”

“टळू दे. माझ्या जावयाचं नाव नीट घ्या.” दादानं त्यांच्याकडं तोंड करून स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. “हितं बघा माझ्याकडं. झ्बिग्न्येफ.”

गुरुजींनी एकदा म्हटलं. दादानं नाही म्हणून मान हलवली. पुन्हा म्हटलं. शर्वरीचा हात दादाच्या हातात होता, झ्बिग्न्येफचा तिच्याखाली, आणि वहिनी झारी धरून अवघडली होती. पुढच्या रांगेतून थोरले नुसते ओठ हलवून मदत करत होते. तिसऱ्यांदा गुरुजींना बरोबर जमलं, तेव्हा कुठं दादानं वहिनीला पाणी सोड म्हणून सांगितलं.